मागच्या सभेचं इतिवृत्त

परदेशी निधीवर चालणाऱ्या एका प्रकल्पात मी काही वर्षं कार्यकर्ती होते. विषय होता ग्रामपंचायतीच्या कारभारातला लोकसहभाग, त्यातही बायकांचा. पैसा युरोपातल्या एका देणगीदाराकडून मुंबईच्या मोठ्या संस्थेकडे यायचा आणि तिथून आमच्या छोट्या संस्थेकडे. कोल्हापूरच्या शाहूपुरीत भाड्याची एक खोली आणि करवीर तालुक्यातली पंचगंगेकाठची काही गावं, एवढा आमचा पसारा. त्यातलंच एक गाव माझं सासर. इथे मी लिहितेय ते प्रकल्प बंद पडल्यानंतर त्या गावात काय घडलं त्याबद्दल. खरं काम तेव्हाच सुरू झालं, असं माझं मत आहे.

प्रकल्पाच्या प्रशिक्षणात आम्हाला ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची गोष्ट हमखास सांगायचे. तिथली लष्करी राजवट संपली, 1988 मध्ये नवी राज्यघटना आली आणि 1989 पासून त्या शहरानं अंदाजपत्रकाचा काही भाग वस्त्यावस्त्यांतल्या सभांमध्ये ठरवायला सुरुवात केली. गटार आधी की रस्ता आधी, हे लोकांनी ठरवायचं आणि पालिकेनं करायचं. पुढे ही पद्धत जगभर गेली, जागतिक बँकेनंही ती उचलून धरली. आपल्याकडे केरळनं 1996 मध्ये लोकयोजना मोहीम काढली आणि राज्याच्या योजना निधीतला 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांच्या हाती दिला. ही उदाहरणं ऐकताना मी भारावून जायची. आजही जाते.

पण आमचा प्रकल्प मोजायचा काय? सभेला किती बायका हजर, त्यातल्या किती बोलल्या, किती ठराव झाले. दर तिमाहीला तक्ता भरायचा. आकडे वाढत होते, आणि ते खोटे नव्हते, बायका खरोखर येत होत्या. ठरावाचं पुढे काय झालं, याला मात्र त्या तक्त्यात रकाना नव्हता. बैठकीत मी हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, की ते तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या आवाक्यात बसत नाही. उत्तर प्रामाणिक होतं. ठराव झाल्यापासून काम पूर्ण होईपर्यंतचा काळ कुठल्याही देणगीदाराच्या वेळापत्रकापेक्षा लांब असतो.

सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेनं तो दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्के, आणि पैसा स्वीकारायचा तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात. मोठ्या संस्था यातून कशाबशा सावरल्या. आमच्यासारख्या, ज्यांना मुंबई-पुण्यातल्या संस्थेमार्फत पैसा यायचा, त्यांचा नळच बंद झाला. परदेशी पैशावर देखरेख नको असं मी म्हणणार नाही, हिशेब द्यायलाच हवा. पण खेड्यापाड्यांत पायी फिरणारी माणसं या एका कलमानं घरी बसली, आणि त्याची नोंद कुणी ठेवली नाही. आम्ही खोली सोडली, टेबलं विकली. करोनामुळे ग्रामसभाही बंदच होत्या.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला.

कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वेगळी सांगावी लागत नाही. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, आणि दोनच वर्षांनी 2021 मध्येही तसंच. आमच्या गावाला हायवेकडून येणाऱ्या रस्त्यावर एक खालची मोरी आहे. पाणी पहिल्यांदा तिथे चढतं आणि गावाचं बेट होतं. दोन्ही वेळेला जनावरं रात्री माळावर हलवावी लागली. म्हशी, रेडकं, शेळ्या, आणि त्यांच्यामागे बायका, कारण पुरुषमाणसं सामान माळ्यावर चढवत होती. माळाच्या वाटेवर दिवा नाही. माळावरच्या शाळेत आम्ही राहिलो, तिथल्या संडासाला पाणी नाही, एकाला तर दारच नव्हतं. बाळंतीण होती, पाळी आलेल्या पोरी होत्या. पुरात गावानं काय सोसलं हे सांगताना लोक वाहून गेलेला ऊस सांगतात, पडलेल्या भिंती सांगतात. शाळेतल्या त्या दिवसांबद्दल बाहेर कुणी बोललं नाही, पण बायका आपसात दुसरं काही बोलतच नव्हत्या.

मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडची बातमी आली. 4 मे रोजी त्या गावानं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला: नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. दोनच दिवसांनी, 6 मे रोजी, शाहू महाराजांच्या स्मृती शताब्दीनिमित्त अख्खं कोल्हापूर 100 सेकंद स्तब्ध उभं राहिलं होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं हेरवाडचा कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. आमच्या गल्लीतल्या थोरल्या काकूंनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवून मला विचारलं, "म्हंजे गावाच्या सभेला एवढं करता येतंय? मग आमच्या शाळंच्या संडासाला दार लावाय काय अडचण हाय?"

त्या प्रश्नावरून आम्ही बसलो. बचत गटातल्या काही जणी, आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि मी. मागण्या तीन निघाल्या: माळाच्या वाटेवर दिवे, शाळेच्या संडासांना दारं आणि पाणी, आणि मोरीची उंची. प्रकल्पाच्या काळात मी याची सुंदर टिपणं केली असती. आता विचारायचं होतं एकच, की यातला प्रत्येक पैसा कुठल्या शीर्षाखालून येणार.

हे शिकायला वेळ लागला, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक गावांत घोडं इथेच अडतं. 2025-26 पर्यंत केंद्राच्या 15व्या वित्त आयोगाचा पैसा यायचा, तेव्हा आपल्या राज्यात त्यातला 80 टक्के ग्रामपंचायतीला मिळायचा, प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. ग्रामपंचायतीच्या वाट्यात पुन्हा दोन भाग. 60 टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. शिवाय घरपट्टी-पाणीपट्टीतून ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, त्यातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा. एवढं कळल्यावर आमच्या मागण्या आपोआप वेगळ्या झाल्या. शाळेचे संडास आणि पाणी बंधित निधीत बसत होते. दिवे अबंधितमध्ये. आणि मोरी? तो रस्ता जिल्हा परिषदेचा. ग्रामपंचायत त्यावर रुपया खर्च करू शकत नाही, फक्त ठराव करून मागणी करू शकते. सगळ्या मागण्या एका ठरावात कोंबल्या असत्या तर मोरीमुळे दारंही अडकली असती. म्हणून तीन ठराव, तीन वेगळे मसुदे.

कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. आमच्याकडे आजवर ती अशी व्हायची, की शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा आणि बायका चुलीपाशी बसून सही करायच्या. त्या वेळी आम्ही सही द्यायचं थांबवलं. सभा घ्या, मग सही करू. 15 ऑगस्टच्या आधी महिला सभा ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली, तिन्ही मसुदे तिथे मांडले, हात वर झाले. मग 15 ऑगस्ट. झेंडावंदन झालं, पोरांना चॉकलेटं वाटली, माणसं पांगली. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. आम्ही सगळ्या बायका बसून होतो, तरी आकडा भरला नाही. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे गावातल्या पाचदहा जाणत्यांना पक्कं ठाऊक असतं. गावाचे निम्मे निर्णय अशाच सभेत होतात, जिथे पदाधिकारी, त्यांच्या मर्जीतले चौघं आणि शिपाई असतात. आम्ही तहकूब सभेलाही गेलो. तिन्ही विषय मांडले, चर्चा झाली, सरपंचबाईंनी मान डोलावली. सगळ्यांनी रजिस्टरवर सह्या केल्या आणि आम्ही घरी आलो.

पुढची सभा 2 ऑक्टोबरची. त्या दिवसापासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी सुरू होते, 'आमचं गाव, आमचा विकास' या नावानं. विषयपत्रिकेवर नेहमीप्रमाणे पहिला विषय होता, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ग्रामसेवकांनी तो वाचला आणि त्याच श्वासात म्हणाले, "मंजूर. विषय दोन." काकू उठल्या.

"भाऊसाहेब, मागचं वाचा की."

"काकू, ते सगळं वाचत बसलो तर आलेली माणसं उठून जातील."

"जाऊ देत. आम्ही बसतोय."

त्यांनी वाचलं. वरून आलेल्या योजनांचे ठराव होते, एका दाखल्याचा विषय होता, एक जागा भाड्यानं द्यायची होती. आमचे संडास, दिवे, मोरी, काही म्हणजे काही नव्हतं. सभागृहात जी शांतता झाली तीत सगळ्यांना, अगदी विरोधकांनाही, एकच गोष्ट कळली: बोललेलं आणि लिहिलेलं यांत सरकारदरबारी जमीन-अस्मानाचा फरक असतो. आम्ही ज्याला ठराव समजत होतो तो कागदावर कधी झालाच नव्हता.

मी माहितीचा अधिकार वापरला. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मागणी एकच: अमुक तारखेच्या सभेच्या प्रोसिडिंग बुकाची, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीची, सहीशिक्क्यासह प्रत. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, प्रत पानाला 2 रुपयांनी मिळते. प्रत आली. सह्या आमच्याच होत्या, आणि सह्यांच्या वर दोन ठरावांच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली होती. पुढे गरज पडेल तसं भरायला.

या ठिकाणी ग्रामसेवकांना खलनायक करणं सोपं आहे, मी करणार नाही. त्यांच्याकडे दोन गावं होती. सभा संपल्यावर त्यांच्याशी मी शांतपणे बोलले तेव्हा त्यांनी पिशवीतून परिपत्रकांचा गठ्ठा काढून दाखवला. प्रत्येक खातं आपापला विषय ग्रामसभेत घ्यायला सांगतं आणि ठरावाची प्रत मागतं. प्रत गेली नाही तर पंचायत समितीत त्यांना उभं करतात. गावच्या ठरावाची प्रत मात्र वरून कुणीही मागत नाही. त्यामुळे सभेत कच्चं टिपण, मग घरी बसून पक्कं लेखन, आणि त्यात वरून मागितलेलं आधी. राज्यघटनेच्या 73व्या दुरुस्तीनं, 24 एप्रिल 1993 पासून, ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळालं. पण ज्या संस्थेनं गावाचं म्हणणं वर पोचवायचं, तिचा उपयोग बहुतांशी वरचं म्हणणं गावाला ऐकवण्यासाठी होतो. एका ग्रामसेवकाला दोष देऊन हे सुटणार नाही. हे सोडवायचं तर वाचन मागणारी माणसं खालून हवीत.

मग आम्ही पद्धत बसवली. मसुदा आम्हीच लिहून न्यायचा: कामाचं नाव, ठिकाण, कुठल्या निधीतून, सूचक कोण, अनुमोदक कोण. सभेत मांडल्यावर तो तिथल्या तिथे प्रोसिडिंगमध्ये उतरवायचा, मोठ्यानं वाचायचा, आणि नंतरच सह्या. मोकळी जागा राहिली तर तिच्यावर आडवी रेघ मारायची. पानाचा फोटो प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये.

यात सगळ्यात अवघड गोष्ट कायद्याची नव्हती, गटाची होती. कोल्हापूर जिल्ह्यात घर कुठल्या तरी गटाचं असतंच. दूध संस्था, सेवा सोसायटी, साखर कारखाना, बँक, ग्रामपंचायत, सगळीकडे तेच गट. सभेत कुणी उभं राहिलं, की काय बोलतोय यापेक्षा 'हे कुणाचं?' हे आधी बघितलं जातं. संडासाला दार हवं हे म्हणणारी बाई सत्ताधारी गटाची निघाली तर विरोधक गप्प, विरोधी गटाची निघाली तर सरपंचाचे लोक गप्प. त्यामुळे आम्ही नियम केला, की सूचक एका गटाच्या घरातली असेल तर अनुमोदक दुसऱ्या गटाच्या घरातलीच हवी. हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोन घरांमध्ये गेल्या निवडणुकीपासून बोलणं बंद होतं आणि दोघींच्या सह्या एकाखाली एक घ्यायच्या होत्या. दोघींनी घरी बोलणी खाल्ली. एकीच्या सासऱ्यांनी महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं सही मागे घेतली नाही. तिच्या त्या सहीला मी फार मानते, कुठल्याही प्रशिक्षणानं ते धैर्य आलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट सरपंचबाईंची. 2011 पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत 50 टक्के जागा बायकांना आहेत, त्यामुळे बाई सरपंच असणं नवं राहिलेलं नाही. आमच्या सरपंचबाईंच्या शेजारच्या खुर्चीत त्यांचे मालक बसायचे आणि उत्तरं तेच द्यायचे. आम्ही दोघी-तिघी एका दुपारी त्यांच्या घरी गेलो आणि विनंती केली, "वैनी, इतिवृत्त तुम्हीच वाचा." सभेची अध्यक्ष म्हणून त्यांचा तो अधिकारच आहे. त्या बारावी शिकलेल्या, वाचन स्वच्छ. जानेवारीच्या सभेत त्यांनी पहिला विषय उभं राहून वाचला, शब्द न् शब्द. वाचताना एका कामापाशी थांबल्या आणि ग्रामसेवकांना म्हणाल्या, "याचं बिल मी सही केलंय, पण काम झालेलं मला दिसलं नाही." पैसे निघतात ते सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीनं. त्यांची सही ज्या डोंगलवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या उपकरणावर, होती ते कुणाकडे असायचं, हे सभेतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर ते त्यांनी आपल्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. मालक पुढच्या सभेला आले, पण समोर सतरंजीवर बसले.

हे सगळं चाललं असताना मला पोर्तो अलेग्रेची आठवण व्हायची, आणि त्या वेळी ज्याकडे आमचं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं ते आता कळत होतं. तिथल्या वार्षिक चक्राची सुरुवात नव्या मागण्यांनी व्हायची नाही. आधी पालिकेनं गेल्या वर्षीच्या आराखड्याचा हिशेब वस्तीसमोर द्यायचा, कुठलं काम झालं, कुठलं राहिलं, का राहिलं. मग नव्या वर्षाचं बोलणं. आमच्या स्लाइडवर वर केलेले हात होते, हिशेबाची पायरी नव्हती. हात वर केल्याचा फोटो निघतो, हिशेबाचा निघत नाही. ज्या पक्षानं ही पद्धत आणली तो 16 वर्षांच्या सत्तेनंतर 2004 मध्ये तिथली निवडणूक हरला आणि नंतर ती पद्धत क्षीण होत गेली. पक्षाच्या किंवा प्रकल्पाच्या आधारावर उभं राहिलेलं काम आधार गेला की का डळमळतं, याचं उत्तर शोधायला मला ब्राझीलला जायची गरज नव्हती.

कोल्हापूरला लढा नवा नाही. ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील सर रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यामागे सगळं शहर टोलविरोधात उभं राहिलं, 2015 च्या अखेरीस सरकारला तो टोल रद्द करावा लागला. कृती समिती काढावी, दसरा चौकात जमावं, मोर्चा न्यावा, हे इथल्या रक्तात आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण मोर्चा नको असलेलं थांबवतो. हवं असलेलं करून घ्यायला दोन-दोन वर्षं एकाच कागदामागे राहावं लागतं, आणि त्या चिकाटीला आपल्याकडे अजून मान नाही. मोर्चाला हजार माणसं येणारं गाव ग्रामसभेला शंभर माणसं जमवू शकत नाही, हे मला बोचतं.

आता कामांचं काय झालं ते सांगते. शाळेचे संडास झाले. आराखड्यात आले, ग्रामपंचायतींच्या आराखड्यांसाठी असलेल्या सरकारी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढले, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, मग काम. पाण्याची टाकी बसली, दारं बसली, आतून कडी आहे की नाही हे अंगणवाडीच्या बाईंनी प्रत्येक दार लावून पाहिलं आणि एका दाराची कडी ठेकेदाराला परत बसवायला लावली. शाखा अभियंत्यांनी मोजमाप पुस्तिका भरली त्या दिवशी आम्ही तिथे होतो. दिवे झाले, पण मागितले होते त्यापेक्षा कमी, आणि शेवटचा वळणावरचा दिवा कुठे असावा यावर दोन गल्ल्यांमध्ये वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

आराखड्याच्या वेळी आणखी एक कागद यायचा. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये 2030 पर्यंतची 17 शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली, त्यांचं आपल्या पंचायतराज मंत्रालयानं 9 संकल्पनांमध्ये रूपांतर केलं: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, अशा. गावानं त्यातल्या संकल्पना निवडून त्यांवर भर द्यायचा. निवड कार्यालयात बसून एकानेच करू नये, सभेत व्हावी, असा आग्रह आम्ही धरला. बायकांनी 'सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव' निवडलं आणि कारण लिहून घ्यायला लावलं: पुरात रात्री सुरक्षित वाट आणि सुरक्षित आसरा. न्यूयॉर्कमध्ये ठरलेलं उद्दिष्ट आणि आमची माळाची वाट एका ओळीत आली तेव्हा मला फार समाधान वाटलं.

मोरी मात्र आहे तशीच आहे. ठराव झाला, प्रत पंचायत समितीमार्फत नागाळा पार्कात जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात गेली. मार्च 2022 पासून जिल्हा परिषदेवर प्रशासक होते. पूर्वी आमच्या मतदारसंघाचा सदस्य असायचा, चांगला-वाईट कसाही असो, त्याला गावात येऊन तोंड दाखवावं लागायचं. तो नव्हता. अधिकारी सौजन्यानं बोलायचे, प्राधान्यक्रम सांगायचे, पण त्यांना आमच्यापुढे मत मागायला यायचं नव्हतं. कोल्हापूर महापालिकेतही नोव्हेंबर 2020 पासून हीच स्थिती होती. निवडणुका वर्षानुवर्षं न घेणं हा प्रशासकीय विलंब म्हणून खपवला जातो, तो लोकांच्या हक्कावरचा घाला आहे, असं मी इथे स्पष्ट लिहिते. गावानं आपल्या पातळीवर कितीही चोख काम केलं तरी वरचा जिना तोडलेला असेल तर ठराव कुठे चढणार? बांधकाम विभागाला आम्ही स्मरणपत्रं देतो, प्रत्येकाचा जावक क्रमांक इतिवृत्तात येतो आणि पुढच्या सभेत वाचला जातो.

सध्या गावात वेगळाच वाद रंगला आहे. महिला आणि बालकल्याणाच्या 10 टक्क्यांतून काय करायचं? एका गटाचं म्हणणं शिलाई मशिनी घ्याव्यात. दुसऱ्या काही जणी म्हणतात, मुलींच्या रक्त तपासणीवर आणि हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या पोरींच्या पोषणावर तो पैसा जावा. दोन्ही बाजूंनी मसुदे तयार आहेत, दोन्हीकडे सूचक-अनुमोदक वेगवेगळ्या गटांतल्या. थोरल्या काकू मशिनींच्या बाजूला आहेत, कारण त्यांच्या सुनेला शिवण येतं आणि हाताला काम नाही. मी तपासणीच्या बाजूला आहे. पुराच्या वेळी शाळेत चक्कर येऊन पडलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत आणि त्या कुणाच्या, हे काकूंनाही माहीत आहे. महिला सभा पुढच्या आठवड्यात आहे, नोटीस फळ्यावर लागली आहे. आशाताई तोवर शाळेतून मागच्या तपासणीचे आकडे आणणार आहेत, आणि काकूंनी मशिनींची दरपत्रकं मागवली आहेत.